आधी आठवडा वाच

बाळांनो, जरा डोळे मिटा पाहू. घट्ट. आता समजा, समोर काय चाललंय ते तुम्हाला दिसतच नाही. दुसरं कुणीतरी सांगेल तेवढंच कळणार, आणि त्यावरच निर्णय घ्यायचा. जुन्या जालन्यातले धान्याचे व्यापारी गोपीकिशन त्या सकाळी असेच बसले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यावर पट्टी होती, दुसऱ्यानं सगळं धुरकट दिसत होतं.

फोन होता नातीच्या, पलकच्या हातात. त्यावर एका बियाणं कंपनीच्या शेअरचा चार्ट. हे शेअर ठेवलेले होते दादीच्या गुडघ्यांसाठी. दिवाळीनंतर ते विकून ऑपरेशन करायचं. तोवर दादी भिंत धरून चालत होती.

"काय दिसतं?"

"लाल कॅन्डल, दादाजी. मोठी."

कॅन्डल म्हणजे चार्टवरचा उभा ठोकळा. भाव चढला की हिरवा, उतरला की लाल.

"मंग?"

"परत लाल. पडूनच राह्यलं."

दादाजी तक्क्याची झालर पिळू लागले. आतून दादी म्हणाली, "चहा प्या आधी. बाजार काय पळून चालला?"

"पळूनच चाललाय, अगं! पलक, विकायचं बटण काढ. मी म्हणलं की दाब. सगळे."

पलकनं बटण काढलं. त्यावर बोट धरलं, आणि तेवढ्यात तिची नजर चार्टच्या कोपऱ्यात गेली. 'पाच मिनिटं.' म्हणजे इथली एकेक कॅन्डल फक्त पाच मिनिटांची.

दुकानात दादाजी नेहमी म्हणायचे, "वरची मूठ पाहून पोतं घेतो तो येडा. लोखंडी नळी तळापर्यंत खुपस, तिथला दाणा काढ." चार्टलाही त्यांचा तोच नियम. आधी आठवड्याचा, मग दिवसाचा, सगळ्यात शेवटी मिनिटांचा. आठवड्याच्या चार्टवर एक कॅन्डल म्हणजे अख्खा आठवडा. भाव मुळात कुठं निघालाय ते तिथं कळतं. मिनिटांचा चार्ट फक्त हात कधी घालायचा ते सांगतो.

आजही त्यांनी बजावलं होतं, "आधी आठवडा वाच." पलक म्हणाली होती, "वाचला, तेजी आहे." वाचला नव्हता. आठवड्याचा चार्ट कसा गपगार असतो, आणि मिनिटांचा नुसता नाचतो!

"अजून लालच?"

"हो, पण..."

"पण काय? जल्दी! मला दिसत न्हाई बेटा, तुझ्याच डोळ्यांवर चाललंय सगळं."

आता बोललं तर दादाजी पुन्हा फोन हातात देतील का? आणि आठवड्याच्या चार्टवरही पडझडच निघाली तर? मग हा उशीर दादीच्या गुडघ्यांना भोवणार.

"दाब, पलक!"

पलकनं बोट उचललं.

"दादाजी, मी खोटं बोलले. आठवडा वाचलाच न्हाई."

दादाजींच्या हातातली झालर सुटली. आत दादीच्या बांगड्या भिंतीला घासत हळूहळू दाराकडे येत होत्या.

पलकनं विकायचं बटण बंद केलं. आठवड्याचा चार्ट उघडला, अगदी डावीकडच्या कॅन्डलवर बोट टेकवलं आणि सावकाश वाचू लागली, "हिरवी. हिरवी, तिच्याहून वर. लाल, छोटी. परत हिरवी, अजून वर... आणि ही शेवटची. सकाळपासूनची सगळी पडझड हिच्यात आहे, दादाजी. लाल आहे. पण नखाएवढी."