उतरवलेली कॉलर

पोस्टातल्या बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि थोरली शिलाई मशीनच्या आडोशाला सरकली. बाईंच्या अंगावर त्यांचाच करडा कोट होता, पण त्याची ऐसपैस कॉलर गायब होती.

थोरली बारा वर्षांची. आपला देश सोडून आल्यावर बाबांनी राहत्या खोलीखालीच शिवणकामाचं दुकान थाटलं, तेव्हापासून ती त्यांची दुभाषी होती. शिवणात बाबांचा हात धरणारा इथे कुणी नव्हता, पण इथली भाषा म्हटली की ते हात टेकायचे. शाळा सुटली की थोरली दुकानात येऊन उभी राही आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं बाबांना घरच्या भाषेत सांगे. मात्र तिला एक खोड होती. म्हणणं पटलं नाही की ती त्यात आपलं घुसडायची. कुणाचा खिसा वर सरकायचा, कुणाची बटणं बदलायची. आजवर सगळे खूश होऊन गेले होते, त्यामुळे पोरगी भलतीच सोकावली होती. बाईंनी फक्त बाह्या आखूड करायला सांगितल्या होत्या. पण त्या कॉलरीत बुडालेली बाईंची मान थोरलीला बघवेना. कॉलर काढायचीय, असं तिने बाबांना बिनदिक्कत सांगून टाकलं.

"कॉलर कुठाय माझी?" बाईंनी विचारलं.

पोस्टाच्या रांगेत सगळी वस्ती उभी असते. बाई तिथे नुसतं एक वाक्य बोलल्या असत्या, तरी दुकानाचं नाव धुळीला मिळालं असतं.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

थाप अगदी ओठांवर होती. पण बाबांच्या तोंडाकडे बघून ती मारवेना. मान खाली घालून थोरलीने सगळं कबूल केलं, खिसे-बटणांसकट.

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "इथे बाहीला काय म्हणतात ते मी पहिल्याच महिन्यात शिकलो."

"मग काढलीत कशाला?"

"मलाही आवडली नव्हती ती."

मग ते बाईंकडे वळले, छातीवर हात ठेवला आणि इथल्या भाषेत म्हणाले, "मुलगी सांगितला बरोबर. मी ऐकली चूक."

खणातून घडी केलेली कॉलर काढून त्यांनी बाईंपुढे ठेवली आणि आत्ता परत लावून देतो, असं खुणेनं सांगितलं. बाईंनी ती मानेशी धरून पाहिली, काढली, पुन्हा धरली. शेवटी ती पर्समध्ये कोंबून तसाच कोट घालून त्या निघाल्या. जाताजाता दाराच्या काचेत स्वतःला निरखायला मात्र विसरल्या नाहीत.

थोरलीला रडूही येत होतं नि हसूही.

"यापुढे आधी मला सांगत जा," बाबा सुई ओवत म्हणाले. "दोघं मिळून ठरवू."

पुढे थोरलीने बेतलेले कपडे दूरदूरच्या देशांत गेले. लोक विचारत, तुमचा गुरू कोण? बाबा, एवढंच ती सांगे. त्यांना इथल्या भाषेत बोलताना तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं. दोन्ही वाक्यं चुकली होती. तिने एकही दुरुस्त केलं नाही.