चष्म्यावरून दुर्बीण

१९८२ च्या डिसेंबरात नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर चांगुणा गांगुर्डे यांचा अपमान झाला, तेव्हा तिथे अकरा माणसं होती. त्या अकराही जणांची नावं त्यांना पुढे दोन वर्षं पाठ होती.

चांगुणाबाई नाशिकला पालिकेच्या शाळेत शिक्षिका. चष्म्याचा नंबर उणे नऊ, त्यात तिरपा नंबर वेगळा. पक्षी बघायचा नाद त्यांना उशिरा लागला आणि त्या दिगंबर सबनीसांच्या मंडळाबरोबर रविवारी एसटीने जाऊ लागल्या. सबनीस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मंडळ त्यांचं, नोंदवही त्यांची, आणि मंडळात दुर्बीण अडकवलेला एकमेव गळाही त्यांचाच.

त्या दिवशी कालव्याच्या वळणावर, जेमतेम पन्नास पावलांवर, बाईंना काळा करकोचा दिसला. लाल चोच, काळी मान, पांढरं पोट. त्या धावत सांगायला आल्या, तोवर पक्षी उडून लांब चिखलात जाऊन बसला होता. सबनीसांनी आपली जर्मन दुर्बीण पुढे केली. "दाखवा, कुठंय."

चष्म्यावरून लावली तर मधोमध चिंचोक्याएवढा उजेड आणि भोवती काळोख. चष्मा काढून लावली, चाक शेवटपर्यंत फिरवलं, तरी सगळं धुरकट.

"नाही दिसत," बाई म्हणाल्या.

"मग मघाशी काय दिसलं होतं? गांगुर्डेबाई, हा छंद डोळसांचा आहे. तुम्ही आपले जेवणाचे डबे सांभाळा."

सगळे हसले. नोंदवहीत बाईंनी लिहिलेल्या ओळीवर तांबड्या शाईची काट पडली.

दोन आठवड्यांनी वर्तमानपत्रात बातमी आली : सबनीसांना कालव्याच्या वळणावर काळा करकोचा आढळला. तारीख तीच. बाईंनी ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. रोज साडी काढताना ते दिसायचं.

भद्रकालीत हारुनभाईंचं चष्म्याचं दुकान होतं. बाई तिथे गेल्या. "मला चष्मा न काढता दिसेल अशी दुर्बीण हवी. सबनीस नावाच्या एका माणसाला खोटं पाडायचंय."

हारुनभाई हसले नाहीत. "दुर्बिणीच्या मागच्या भिंगापासून डोळा ठराविक अंतरावर आला, तरच पूर्ण चित्र दिसतं. तुमचा चष्मा डोळ्याला तेवढं जवळ जाऊच देत नाही. दहापट मोठं दाखवणारी मागू नका, तिला बहुतेक डोळा चिकटवावाच लागतो. सातपटीची बघा. आणि चष्मा लावूनच समोरच्या दुकानाची पाटी वाचा. पाटीच्या दोन्ही कडा दिसल्या तरच घ्या."

देवळाली कॅम्पात जुनं लष्करी सामान विकणारा एक दुकानदार होता. बाईंनी तिथे चार खेपा घातल्या. नऊ दुर्बिणींतून समोरच्या बेकरीच्या पाटीची फक्त मधली अक्षरं दिसली. दहावी जड होती, रंग उडालेली होती, पण तिच्यातून जवळजवळ सगळी पाटी दिसली. हारुनभाईंनी तिच्या मागच्या, डोळा टेकवायच्या कडक काळ्या कड्या कातून कमी केल्या, चष्म्याच्या काचेला चरे पडू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं, आणि बाईंच्या चष्म्याची फ्रेम वाकवून काचा डोळ्यांजवळ आणल्या. मग बाईंना दुकानाच्या पायरीवर उभं केलं. समोरच्या दुकानाची पाटी अख्खी दिसली, वर पत्र्यावर बसलेली मांजरसुद्धा.

गंगापूर धरणावर बाई एकट्या जाऊन सराव करत राहिल्या. मंडळात मात्र रिकाम्या हातांनी जायच्या आणि गप्प राहायच्या.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत मुंबईहून काही जाणकार पाहुणे आले. सबनीसांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, जाड भिंगांचा चष्मा लागला होता. बंधाऱ्यावर त्यांनी तो हळूच खिशात टाकला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. "तो बघा, काळा करकोचा!"

बाईंनी पिशवीतून दुर्बीण काढली. "सबनीससाहेब, मानेचा रंग सांगा."

"काळा. दुसरा कुठला असणार?"

"चष्मा लावून बघा, मग सांगा."

सबनीसांनी चष्मा लावला, त्यावरून दुर्बीण लावली, चाक फिरवत राहिले. त्यांना आत काय दिसतंय ते बाईंना नेमकं ठाऊक होतं. बाईंनी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले, घाई केली नाही. मग आपली दुर्बीण पाहुण्यांच्या हातात दिली.

"मान पांढरी आहे," पाहुणे म्हणाले. "हा पांढऱ्या मानेचा करकोचा."

"काळा करकोचा मी दाखवला होता, ब्याऐंशी साली," बाई म्हणाल्या. "यांनी माझी ओळ खोडली आणि पेपरात स्वतःचं नाव छापून आणलं. सबनीससाहेब, वही काढा. माझं पूर्ण नाव लिहा."

कुणीच हसलं नाही. सबनीसांनी लिहिलं, खाली सही केली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या दुर्बिणीतून एकदा बघू का?"

"नाही," बाई म्हणाल्या. तो शब्द उच्चारताना त्यांना इतकं बरं वाटलं, की घरी पोचेपर्यंत त्या तो पुन्हा पुन्हा आठवत होत्या.

महिन्याभरानं हारुनभाईंनी सांगितलं, "तुमचे ते सबनीस आले होते. त्यांच्या जर्मन दुर्बिणीच्या कड्या कातून दिल्या."

"तो माणूस कोण ते माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं. पण चष्मेवालं गिऱ्हाईक मी परत कसं पाठवू, बाई?"

बाई पायऱ्या उतरल्या आणि वर्षभर त्या दुकानात गेल्या नाहीत.

त्यानंतर लगेचच्या रविवारी सबनीस बंधाऱ्यावर बाईंपासून काही पावलांवर उभे राहून, चष्म्यावरून दुर्बीण लावून, एकेका बदकाचं नाव सांगत होते. बाई आपल्या दुर्बिणीतून प्रत्येक नाव ताडून बघत होत्या. एकही चूक सापडली नाही. परतीच्या एसटीत बाईंचं डोकं दुखत राहिलं.