चावीकाकांचा कब्जा

गेले काही महिने माझ्या पलंगाला खेटून एक ड्रमसेट राहत होता. मी कूस बदलली की झांज वाजायची, झांज वाजली की खालच्या मजल्यावरचे घरमालक काठीनं छत ठोकायचे, आणि आत्या अंधारात म्हणायची, "बघ, यांचा ठेका किती पक्का आहे!"

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. परगावी एका बँडमध्ये वर्षानुवर्षं ड्रम वाजवून ती परत आली, ती स्वतःचा क्लास काढायचा हे ठरवूनच. जागेचा प्रश्न नव्हता. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी शटरवाली एक खोली आहे, आजोबांनी आत्याच्या नावावर केलेली. जाताना तिनं शटरला भलंमोठं कुलूप ठोकलं होतं. परत आली तेव्हा शटर सताड उघडं, आत भिंतभर टांगलेली कुलपं, आणि मधोमध खुर्चीत पाय पसरून चावीकाका मॅच बघताहेत!

चावीकाकांची टपरी बरोबर समोर. टपरीत सामान मावेना, म्हणून त्यांनी आधी एक खोकं इकडे आणलं, मग दुसरं, मग खुर्ची, मग टीव्ही.

"काका, ही खोली माझी आहे," आत्या म्हणाली.

"होती," काका म्हणाले. डोळे टीव्हीवरून हलले नाहीत. "बारा वर्षं कधीच उलटली, ताई. कायद्यानं आता माझी झाली. उभ्या का? बसा ना."

स्वतःच्याच खोलीत कुणी 'बसा' म्हणण्यासारखा अपमान नाही. आत्याचा नुसता तिळपापड झाला.

आम्ही गप्प बसलो नाही. काका जेवायला गेले की शटर ओढून आपलं कुलूप लावायचो. संध्याकाळी ते कुलूप पुसून, तेल घालून आमच्या दारात हजर. वर काकांचा निरोप, "चावी जरा घासत होती, नीट करून दिलीय." चावीवाल्याला कुलपानं अडवायला निघालेलं आमच्यासारखं हुशार घराणं दुसरं नसेल. पोलिसांकडे गेलो, तर ते म्हणाले हा दिवाणी मामला, कोर्टात जा.

तेवढ्यात घरमालकांनी काठी ठेवली आणि थेट वर आले. महिनाअखेरपर्यंत ड्रम बंद, नाहीतर तुम्ही सगळेच बाहेर! म्हणजे आम्ही भाडं भरून बाहेर पडणार आणि काका भाडं न भरता आत बसणार. त्या रात्री आत्या ड्रमचे फोटो काढत होती. विकायला.

मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी ती हातोडा शोधायला लागली, ते मात्र फार आवडलं. पण आत्याची मैत्रीण, आमची वकीलमावशी, तिनं येऊन हातोडा काढून घेतला.

"मालकीण असलीस तरी त्याला दांडगाईनं बाहेर काढता येणार नाही. उलट तोच तुला कोर्टात खेचेल."

"वा! म्हणजे चोर तो आणि आरोपी मी?"

"ऐक तर. कब्ज्यानं मालकी मिळवायची तर तो उघड हवा, सलग हवा आणि मालकाच्या परवानगीशिवाय हवा. परवानगीनं शिरलेला माणूस शंभर वर्षं राहिला तरी पाहुणाच."

"थांब थांब," मी मध्ये तोंड घातलं. "म्हणजे काकांना कोर्टात सांगावं लागणार, की मी कुणाला न विचारता शिरलो?"

"छाती ठोकून."

"कुलूप उघडून?"

"आता कुलूप होतं म्हटल्यावर..."

मला हसूच आवरेना. त्याच महिन्यात मी शाळेच्या वादविवादात पहिली आले होते आणि घरात माझं तोंड कुणाला आवरत नव्हतं. "मावशी, कोर्टाचं जाऊ दे. पण चावीवाला हे गल्लीसमोर म्हणू शकेल का गं?"

वकीलमावशीचं बिस्किट चहात बुडून तळाला गेलं. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी काकांच्या टपरीवर गर्दी असते. त्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सताई होत्या, आमचे पीटीचे सर होते (शाळेच्या स्टोअररूमची चावी ते दर महिन्याला हरवतात), आणि रांगेत शेवटी, अगदी योगायोगानं, कपाटाची चावी घेऊन वकीलमावशी. आत्या माझ्या मागे.

"काका," मी वादविवादाचा आवाज लावला, "आमच्या शेजारचे गावाला गेलेत. त्यांचं कुलूप उघडून द्याल?"

"डोकं ठिकाणावर आहे का, पोरी? मालकानं सांगितल्याशिवाय मी कुलपाला बोट लावत नाही."

"कध्धीच नाही?"

"उभ्या आयुष्यात नाही! अख्ख्या गल्लीच्या चाव्या या हातांतून गेल्यात." काकांनी दोन्ही हात वर करून दाखवले. सरांनी मान डोलावली.

"मग समोरच्या खोलीचं आत्याचं कुलूप कुणाला विचारून उघडलंत?"

चाव्या कापायच्या मशीनची करकर थांबली.

"म्हणजे?" नर्सताई म्हणाल्या. "ती खोली तुमची नाही?"

"आमची आहे," मी म्हटलं. "आत्या कुलूप लावून गेली होती. तिला न विचारता उघडलं असेल, तर काकांनी तसं सांगावं. माझं काही म्हणणं नाही."

"माझी चावी द्या बघू," नर्सताईंनी ती काढूनच घेतली. "मी घरी एकटी असते हो." सरांनीही हळूच स्टोअररूमची चावी खिशात घातली.

काका ताडकन उठले. "अहो ताई, असं काय करता! परवानगी होती! हिच्या आत्यानंच दिली होती. जाताना म्हणाली, काका, पडूनच आहे खोली, तुम्ही वापरा."

धडधडीत थाप! आत्यानं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला, चांगला टाचेनं.

"अस्सं होय," वकीलमावशी पुढे आली. आवाजात नुसती साखर. "काका, तुमच्यासारख्याच्या नावाला उगाच बट्टा नको. दोन ओळी लिहूनच टाका, मालकिणीच्या परवानगीनं खोली वापरतोय म्हणून. साक्षीदार मी आणि सर."

काकांनी झोकात लिहिलं, झोकात सही केली आणि कागद सगळ्या रांगेला फिरवून दाखवला. नर्सताईंनी चावी परत काकांकडे दिली. वकीलमावशीनं कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली.

"काका," आत्या म्हणाली, "तुमच्या म्हणण्याप्रमाणे परवानगी होती ना? मग ती मी आजपासून परत घेते."

"घ्या की, त्यात काय..." काका म्हणाले, आणि तिथंच त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, पण माझी बारा वर्षं?"

"तुम्ही पाहुणे होतात," वकीलमावशी म्हणाली. "आताच लिहून दिलंत."

'परवानगी नव्हती' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेले मला स्पष्ट दिसले. मग त्यांनी नर्सताईंकडे बघितलं. सरांकडे बघितलं. आणि गिळले.

"रविवारपर्यंत वेळ द्या," ते पुटपुटले. "सामान फार आहे."

रविवारी काका खोकी उचलत होते. निम्मी भिंत अजून कुलपांनी भरलेली होती. मी आणि बाबांनी ड्रम दारात आणून ठेवले. आत्या दोन मिनिटं कशीबशी थांबली. मग काकांचीच खुर्ची ओढली, बूड टेकवलं आणि सुरू झाली. भिंतीवरची कुलपं खुळखुळायला लागली, शटर थरथरलं, समोरच्या टपरीतला चहाचा ग्लास सरकत सरकत काठावर आला.

काका कानांवर हात ठेवून काहीतरी ओरडत होते. बहुतेक खुर्चीबद्दल असावं. आम्हाला काही ऐकू आलं नाही.