पाठ नसलेली मुलगी

“आली! आली बघा!” पुढच्या रांगेतली बाई ओरडली आणि अख्खा हॉल हात जोडून उभा राहिला.

समोर छोट्या व्यासपीठावर एक रिकामी लाकडी खुर्ची होती. तिच्यावर रोखलेला कॅमेरा, आणि मागे भिंतभर पडदा. इतका वेळ पडद्यावरही तीच रिकामी खुर्ची दिसत होती. दर्पणबाबांनी घंटा वाजवली, पडदा क्षणभर पांढरा झाला आणि खुर्चीमागे सात वर्षांची एक मुलगी उभी राहिली. निळा फ्रॉक, दोन वेण्या, मान जराशी कललेली. प्रत्यक्षात खुर्चीमागे कुणीच नव्हतं.

ती माझी भाची होती. टिकली म्हणायचो आम्ही तिला. मागच्या वर्षी तापाचं निमित्त होऊन ती गेली.

“बसा भक्तांनो! डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, पडद्यावर ठेवा!” बाबांचा आवाज स्पीकरमधून घुमला. “डॉक्टर जिथे हात टेकतात, तिथे आमचं कनेक्शन लागतं. नेटवर्क थेट वरचं आहे. अधूनमधून अडकलं तर शंका घेऊ नका, तुमच्या मनातच किंतु आला असेल!”

माझ्या शेजारी टिकलीची आई, माझी वहिनी, बसली होती आणि तिच्यापलीकडे दादा. वहिनी रडतही नव्हती. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. दादाने सकाळी फोन केला होता, “छोटे, तू ये. हिने इन्सुलिन सोडलंय. माझं ऐकत नाही.” बाबांनी सांगितलं होतं, औषधाने देह जड होतो, जड देहाजवळ आत्मा येत नाही. आणि खरंच, दर खेपेला टिकली पडद्यावर थोडी पुढे येत होती म्हणे.

“आई,” पडद्यावरची मुलगी म्हणाली. आवाज तिचाच वाटत होता. “सुया टोचून घेऊ नकोस. मग मी तुझ्या मांडीवर येईन.”

वहिनीने मांडीवरचा पदर सारखा केला.

अजून न बांधलेली घरं दाखवण्याचं काम मी करते. इमारतीचा पायाही खोदलेला नसतो, तेव्हा मी कॉम्प्युटरमध्ये तिच्या खोल्या उभ्या करते, दिवे लावते, सोफ्यावर हसरं कुटुंब बसवते. मग प्रोग्राम लिहिते. त्यातला कॅमेरा म्हणजे नुसते आकडे: कुठे उभं राहायचं, कुठे बघायचं. प्रोग्राम त्याला केसभर सरकवतो, एक चित्र काढतो, पुन्हा सरकवतो, पुन्हा काढतो. अशी शेकडो चित्रं एकामागे एक जोडली की व्हिडिओ तयार. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी घरातून फिरून आलं. कुणीही कुठेही फिरलेलं नसतं.

म्हणून माझी नजर टिकलीच्या चेहऱ्यावरून सावलीवर गेली. हॉलची एकुलती एक खिडकी उजवीकडे होती, उजेड तिच्याच फटीतून येत होता; तरी पडद्यावर टिकलीची सावली खिडकीच्याच दिशेने पडली होती.

मी उठले आणि खिडकीचा जाड पडदा सर्रकन ओढला. ऊन थेट खुर्चीवर पडलं. पडद्यावरची खुर्ची मात्र सावलीतच राहिली.

“खाली बसा बाई!” बाबा गरजले. “सूक्ष्म प्रकाश आहे तो! तुमचं हे ऊन त्याला लागत नाही!”

“उन्हाचं राहू द्या,” मी म्हणाले आणि व्यासपीठावर चढून माझी लाल पिशवी खुर्चीवर ठेवली. “कॅमेरा चालू आहे ना?”

मागून एक म्हातारे शिंपीकाका उठले. ते आपल्या गेलेल्या बायकोला पडद्यावर बघायला यायचे. चष्मा पुसून त्यांनी खुर्ची पाहिली, मग पडदा पाहिला.

“पिशवी कुठे गेली?” ते म्हणाले.

“पिशवी निर्जीव! आमच्या दर्पणात फक्त आत्मे दिसतात!”

“मग खुर्ची कशी दिसते हो?”

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा घंटा शोधू लागले. तेवढ्यात माझा दादा, जो आयुष्यात कुणाला मोठ्याने बोलला नाही, व्यासपीठाच्या कडेला असलेल्या लाकडी आडोशाकडे गेला आणि त्याने दार ढकललं. आत एक माणूस कॉम्प्युटरसमोर बसला होता. दादाला बघून तो हेडफोन गळ्यात तसाच ठेवून मागच्या दाराने पळाला.

मी आत गेले. कॉम्प्युटरवर तयार व्हिडिओ चालू होता. स्क्रीनवरच शेजारच्या चौकटीत तो ज्यातून काढला, ते थ्रीडी दृश्य उघडं होतं: हाच हॉल, हीच खुर्ची आणि टिकली. वहिनीने ‘आशीर्वादासाठी’ दिलेल्या वाढदिवसाच्या फोटोंवरून आणि व्हिडिओंवरून चेहरा बेतला होता, आवाजही. दर खेपेला पुढे येत होती ती टिकली नव्हे. फक्त त्या दृश्यातल्या कॅमेऱ्याचा एक आकडा बदलला जात होता.

मी ते दृश्य मोठ्या पडद्यावर टाकलं. “बघा सगळ्यांनी,” मी ओरडून म्हणाले आणि माउसने ते फिरवलं. खुर्ची फिरली, भिंती फिरल्या, टिकली फिरली.

तिला पाठच नव्हती. कॅमेऱ्याला जेवढं दिसणार, तेवढंच केलं होतं. वेण्या कानामागे तुटत होत्या. मागून ती सोललेल्या फळाच्या सालीसारखी पोकळ होती.

वहिनीने किंकाळी फोडली. मी झटकन पडदा बंद केला, पण तिने बघितलं होतं.

मला वाटलं होतं, लोक बाबाला धरतील. काहींनी धरलंही, पोलीस येईपर्यंत. पण पुढच्या रांगेतली ती बाई माझ्यावरच धावून आली. “तुमचं काय जात होतं? दिसत तर होती ना आमची माणसं?” शिंपीकाका रिकाम्या पडद्याकडे बघत बसून राहिले. त्यांना कुणी उठवलं नाही.

वहिनी हॉलच्या पायऱ्यांवरच कोसळली. दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. डॉक्टरीणबाई दादाला म्हणाल्या, “अजून थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं.”

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पलंगाशेजारी बसले होते. वहिनी सलाइनचे थेंब मोजत होती.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुम्हालाही येतं ना हे?”

“येतं.”

“तुमच्याकडे तिचे सगळे फोटो आहेत. पाठमोरेसुद्धा. तुम्ही नीट कराल. अर्धवट नाही करणार.”

मला ती बनवता आली असती, अगदी वेणीच्या सुटलेल्या केसासकट. मी वहिनीचा हात हातात घेतला.

“करता येईल, वहिनी. पण ती काय बोलेल, ते मला ठरवावं लागेल.”

वहिनीने मान माझ्याकडे वळवली.

“सुया टोचून घेऊ नकोस, हे बाबाच्या माणसाने लिहिलं होतं. मी लिहिलं तर सुया घे असं लिहीन. पण ते माझं असेल. तिचं नसेल. तिचं आता काही नवीन नसणार.”

तेव्हा ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा, मोठ्याने, नाक ओढत. दादा दारातून आत आला आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. थोड्या वेळाने नर्स इंजेक्शन घेऊन आली, तेव्हा वहिनीने स्वतःच बाही वर केली.

ती बरी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्याशी ती अजून मोजकंच बोलते. तो बाबा जामिनावर सुटलाय, आणि दुसरीकडे कुठेतरी पडदा लावेलही. त्याचं यंत्र वाईट नाही. त्याच यंत्रावर माझं पोट चालतं. म्हणून एवढंच सांगते: पडद्यावर कुणी गेलेलं माणूस दिसलं आणि तुम्हाला काही करायला सांगू लागलं, तर हात जोडण्याआधी विचारा, हे शब्द कुणी लिहिले? खुर्चीवर पिशवी ठेवून बघा. आणि औषध सोडायला सांगितलं, तर उठा आणि थेट डॉक्टरकडे जा. आपल्या माणसाची आठवण आपली असते. तिच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालू देऊ नका.