लिफ्टमन सायकल शिकवतात

मानवजातीची सारी प्रगती चाकाच्या शोधापासून सुरू झाली, असं शहाणी माणसं सांगतात. आमच्या इमारतीच्या आवारात ती रविवारी सकाळी एका कुंडीवर आपटून थांबली.

"आजोबा, तुम्ही सोडलंत!" मातीत बसलेली सहा वर्षांची नात ओरडली.

"छे गं! धरलं होतं की," लिफ्टमन साफ खोटं बोलले.

लहान मुलं सायकलवर तोल शिकतात म्हणे. ही त्याआधी एक गोष्ट शिकली: 'धरलंय' म्हणणाऱ्याने धरलेलं असेलच असं नाही. काही लोकांना हे कळायला लग्न करावं लागतं.

लिफ्टमन निवृत्त झाले तरी सगळे त्यांना लिफ्टमनच म्हणत. एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये, स्टुलावर बसून, त्यांनी अख्खी नोकरी काढली. प्रवास भरपूर झाला, पण सगळा खाली-वर. सायकलवर ते जन्मात बसले नव्हते. तरी आधाराची छोटी चाकं त्यांनीच सकाळी पान्याने काढून टाकली होती. कारण फाटकावर ताजी पाटी लागली होती: 'उद्यापासून आवारात सायकल बंद.' बाहेर रस्ता ट्रकांचा. म्हणजे शिकायचं तर आजच.

पाटी लावणारे सोसायटीचे अध्यक्ष तरातरा खाली आले. ते त्याच कचेरीतले मोठे साहेब. वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये शिरून, वर न बघता, "पाचवा" एवढंच म्हणत आलेले.

"अहो, बंद करा हे! पोरगी हातपाय मोडून घेईल."

"पाटीवर उद्यापासून लिहिलंय, साहेब."

"मी आत्ता सांगतोय ना!"

लिफ्टमनचा उजवा हात सवयीने बटण दाबायला वर गेला. तो त्यांनी मुकाट्याने खाली आणला आणि सायकलची सीट पकडली.

"नाही," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी नोकरीत कधीच वापरला नव्हता, त्यामुळे अगदी कोरा करकरीत निघाला. "इतकी वर्षं तुम्हाला वर नेलं. आता हिला पुढे नेऊ द्या. बस गं!"

"गुडघ्यातून रक्त येतंय," नात म्हणाली.

"रडायचंय?"

"नंतर."

लिफ्टमन सीट धरून धावू लागले. अध्यक्ष आडवे आले.

"बाजूला व्हा!" लिफ्टमन गरजले. आणि काय सांगावं, साहेब बाजूला झाले.

हात सुटला. सायकल डुगडुगली, सरळ झाली, भिंतीशी वळली आणि परत आली. खिडक्या उघडल्या.

"सोडलंत ना, आजोबा?"

"सोडलं!"

"मग हरकत नाही!" म्हणत ती अध्यक्षांच्या नाकासमोरून गेली. लिफ्टमन छाती काढून उभे राहिले. एवढे ताठ ते स्टुलावर कधी बसले नव्हते.

पुढच्या फेरीला आवाज आला, "आजोबा, थांबायचं कसं?"

ब्रेक हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. लिफ्ट आपली आपण थांबते.

लिफ्टमन अध्यक्षांकडे सरकले. "साहेब," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला काही आता पळवत नाही. जरा अडवता का तिला?"