साडेआठ दोनदा वाजले

मित्रांनो, मी एक जुना बोलका घड्याळ-प्रोग्राम आहे. मला काटे नाहीत, तबकडी नाही, किल्लीही नाही. एका चौकोनी फ्लॉपीवर माझे घर. संगणक सुरू झाला की मी त्याच्या स्मृतीत शिरायचो आणि तो बंद होईपर्यंत तिथेच ठाण मांडून बसायचो. कुणी पत्र लिहो की हिशेब करो, दर अर्ध्या तासाने मी त्याला थांबवून वेळ सांगायचो. एवढेच माझे काम. पण तेवढ्यासाठी मी जितकी बोलणी खाल्ली, तितकी भिंतीवरच्या कुठल्याही घड्याळाने खाल्ली नसतील.

लिस्मोरच्या एका गणिताच्या शिक्षकाने मला तयार केले. आकड्यांसाठी त्याने बायकोचा आवाज घेतला. त्या आठवड्यात तिला सडकून सर्दी झाली होती. ‘बरी झाले की करू,’ असे ती म्हणत होती, पण त्याला धीर कुठला? म्हणून मला जन्मभर सर्दी. त्यातून त्या काळच्या संगणकाचा स्पीकर बाटलीच्या झाकणाएवढा. माझे बोलणे म्हणजे नाक चोंदलेली बाई पत्र्याच्या डब्यातून ओरडते आहे, असे वाटायचे.

एका संगणक क्लबातून मी कूलंगट्टाला डेस्ली हॉडरच्या कार्यालयात आलो. डेस्लीची एक मिनीबस होती. म्हाताऱ्या माणसांना ती दवाखान्यात, बाजारात, क्लबात नेऊन सोडायची. कार्यालय दोन राज्यांच्या सरहद्दीच्या रस्त्यावर होते. अलीकडची बाजू क्वीन्सलंडची, पलीकडची न्यू साउथ वेल्सची, म्हणजे ट्वीड हेड्स. उन्हाळ्यात पलीकडचे लोक घड्याळे तासभर पुढे करत, अलीकडचे करत नसत. रस्ता ओलांडला की तास बदलायचा.

आता माझी अडचण ऐका. तो संगणक बंद झाला की वेळ विसरायचा. रोज सकाळी तो विचारायचा, किती वाजले? जे उत्तर मिळेल तिथून मी पुढे मोजायचो. सकाळी आधी यायची रेलीन. ती बसची नोंदणी घ्यायची आणि पलीकडे राहायची. आपल्या मनगटावर पाहून ती ट्वीडची वेळ सांगायची. मग डेस्ली यायची, किल्ल्या टेबलावर आपटायची आणि मला तासभर मागे ढकलायची.

“रेलीन, हे ऑफिस क्वीन्सलंडात आहे.”

“आणि फोन करणारे निम्मे लोक पलीकडचे आहेत.”

“मग पलीकडे जाऊन उचल फोन. इथे सूर्य डोक्यावर आला की बारा वाजतात.”

“तुझ्या या ऑफिसचे बारा कायमचेच वाजलेत, डेस्ली.”

रोज हेच. त्यांचे भांडण मिटेपर्यंत मी कधी पुढे, कधी मागे. आणि कुणी बससाठी उशिरा आला की दोघी एका सुरात म्हणणार, “हा डबा खोटं बोलतो!” मी खोटे बोलतो? मला जे सांगाल तेच मी सांगणार ना?

माझे बोलणे मनापासून ऐकणारा एकच माणूस होता, अॅथल ब्रिंबल. आयुष्यभर त्याने मासेमारी केली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंतीवरचे घड्याळ त्याला पांढऱ्या थाळीसारखे दिसायचे. डोळ्यांपेक्षा त्याला दुःख होते ते गळाचे. स्वतःच्या हाताने गळ बांधता येत नव्हता. शेजारी बांधून द्यायचा आणि पहिलाच मोठा मासा गळासकट पळून जायचा. शस्त्रक्रियेसाठी त्याने फार दिवस वाट पाहिली होती. एकदा नंबर लागला, तेव्हा नेमका ताप आला आणि नाव परत रांगेच्या शेवटी गेले. डोळ्यांचा सर्जन सिडनीहून यायचा, तोही क्वचित. आता पुन्हा बोलावणे आले होते. रुग्णालय ट्वीडच्या बाजूला. दहाला हजर राहायचे.

त्या दिवशी अॅथल रेलीनच्या पाठोपाठच आला. अंगात धुतलेला शर्ट, हातात पिशवी. नेहमीच्या खुर्चीत बसून तो माझ्याकडे कान लावून राहिला. मी म्हणालो, “आठ वाजून तीस मिनिटे.” त्याने मान हलवली. पुढे म्हणालो, “नऊ वाजले.” त्याने पुन्हा मान हलवली. इतक्यात रेलीनला मुलाच्या शाळेतून फोन आला, मुलगा झाडावरून पडला होता. ती पर्स घेऊन धावत निघाली, तर दारातच डेस्ली.

“अॅथलला दहाला पोचव. सव्वानऊला निघ.”

“माहीत आहे गं. जा तू.”

कुठल्या बाजूचे सव्वानऊ, ते एकीने सांगितले नाही, दुसरीने विचारले नाही. रोज ज्यावरून भांडायच्या, नेमके तेच त्या दिवशी राहिले! डेस्ली खुर्चीत बसली, संगणकाच्या पडद्याकडे पाहून पुटपुटली आणि सवयीने तिने मला तासभर मागे नेले. मग ती बिले लिहू लागली.

काही वेळाने माझी पाळी आली. मी म्हणालो, “आठ वाजून तीस मिनिटे.”

अॅथलने मान हलवली नाही. “पोरी, या डब्यातल्या बाईने साडेआठ मघाशीच सांगितले. मग नऊही सांगितले. आता परत साडेआठ? घड्याळ माघारी चाललंय की मी?”

“रेलीनने गडबड केली होती, मी दुरुस्त केलं. निवांत बस. अजून पाऊण तास आहे तुला.”

“पाऊण तास?” अॅथल उठून उभाच राहिला. “डेस्ली, तो डॉक्टर कुठल्या बाजूला बसतो?”

डेस्लीचे पेन थांबले. मग तिच्या तोंडून जे शब्द निघाले ते मी तुम्हाला सांगणार नाही. अॅथलचा दंड धरून ती पळाली. कार्यालयाचे दार सताड उघडे राहिले.

दुपारी ती परतली तेव्हा रेलीनही आली होती. मुलाच्या हाताला फक्त खरचटले होते. “नर्स पुढच्याचं नाव घेणारच होती,” डेस्ली म्हणाली. “गाडी रस्त्यातच सोडली आणि ओढत नेलं त्याला.” मग ती माझ्याकडे वळली. “या डब्याने घात केला होता!”

“खरंच,” रेलीन म्हणाली. “काहीच्या काही सांगतो.”

वेळेवरून कधी न जुळणाऱ्या त्या दोघींचे पुन्हा एकमत झाले. आणि ते कशावर, तर चूक माझी!

काही आठवड्यांनी अॅथल आला तो खुर्चीत न बसता सरळ टेबलाशी. संगणकाला निरखून म्हणाला, “हीच का ती सर्दीवाली? मला वाटलं, मोठी असेल.” त्याने बोटाने झाकणावरची धूळ पुसली. डेस्लीने माझी तक्रार सुरू केली तेव्हा तो म्हणाला, “तिला का बोलता? तिने दोनदा सांगितलं म्हणून तर मला कळलं. तुम्ही दोघींनी तर एकदाही सांगितलं नाही.” मग त्याने खिशातून गळ काढून दाखवला. गाठ त्याने स्वतः मारली होती. त्याच्या मनगटावर नवे घड्याळ होते.

पुढच्या वर्षी हिशेबाचा मोठा प्रोग्राम आला. स्मृतीत त्याला जागा पुरेना. एवढ्याशा कोपऱ्यात बसलेल्या मला उठवले आणि फ्लॉपी टेबलाच्या खणात टाकली. वर खोडरबर, सुट्या चाव्या आणि अर्धे बिस्किट.

मित्रांनो, खणातून सगळे ऐकू येते. आता फोन आला की दोघीही आधी विचारतात, “कुठल्या बाजूचे दहा?” ऐकले की माझ्या जिवाचा संताप होतो. मी बोलत होतो तेव्हा हे कुठे गेले होते? तुमच्याकडेही काही वस्तू असतील, दिवसभर तुमच्यासाठी राबणाऱ्या. त्या चुकल्या तर जरूर रागवा. पण त्याआधी एवढे आठवून पाहा, सकाळी तुम्ही त्यांना काय सांगितले होते?