पित्तवाल्यांचा ग्रुप

नागपूरच्या प्रताप नगरातल्या हेमराज धकातेला पित्त आहे, हे त्याच्या अख्ख्या खानदानाला ठाऊक होतं. मोठी वहिनी उमरेडहून फोन करून धन्याचं पाणी प्यायला सांगायची, मेहुणा आवळ्याचा रस पाठवायचा, आणि बायको पुष्पलता तर भाजीत तिखट टाकताना असा हात आखडायची, की जेवणाऱ्याला आपण दवाखान्यात भरती झालोय असं वाटावं. खरं म्हणाल तर हेमराजचं पित्त अगदी ठणठणीत होतं. धंतोलीतल्या ज्या डॉक्टरांकडे तो सात महिने जात होता, ते पोटाचे नव्हतेच. मनाचे होते.

रिटायर झाल्यावर वर्षभरात त्याची कशातच गोडी राहिली नाही. सकाळी डोळे उघडायचे, पण अंग उठायचं नाव घ्यायचं नाही. एकदा हिय्या करून तो मेहुण्याला म्हणाला, "मन लागून नाही राहिलं गा." मेहुणा म्हणाला, "तुले काय कमी हाये गा? घर हाये, पेन्शन हाये. चाल, मटण खाऊ." त्या कोष्टी पद्धतीच्या झणझणीत सावजी मटणानं दुसऱ्या दिवशी पोट खरंच बिघडलं, आणि हेमराजला आयता बहाणा सापडला. तेव्हापासून जे काही व्हायचं ते पित्तानंच व्हायचं. पुष्पलताला खरं कळू नये, एवढीच त्याची धडपड होती. ती कोलमडेल, याची त्याला आजारापेक्षा जास्त धास्ती होती.

डॉक्टरांनीच त्याला फोनवरचा एक ग्रुप सुचवला. तिथं सगळे त्याच दुखण्याचे, आणि खरं नाव कुणी सांगायचं नाही. विणकराचा, कोष्ट्याचाच पोरगा तो, त्यानं नाव घेतलं 'तुटका धागा'. पहिल्या दिवशी लिहिलं, "आज दात घासाले दोन तास लागले." आता कुणीतरी प्राणायाम सांगणार, म्हणून त्यानं फोन पालथा घातला. पाच मिनिटांनी पाहतो तर उत्तरांची रांग. "मले तीन." "मी तं कालचे बी घासले नाही." "घासले ना दादा? शाबास!" हेमराज कित्येक महिन्यांनी हसला. दात घासल्याबद्दल आईनंतर त्याला कुणी शाबासकी दिली नव्हती.

ग्रुपचा नियम एकच. रोज सकाळी नऊच्या आत लिहायचं, 'उठलो.' बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल. सात महिन्यांत हेमराजची हजेरी एकदाही चुकली नाही. मग मे महिना आला, तो कूलरमध्ये पाणी भरायला वाकला, आणि खिशातला फोन गेला सरळ टाकीत. दुरुस्तीवाला रोज "उद्या या" म्हणायचा. असे चार दिवस हजेरीवाचून गेले.

आता नाव लपवणं हेमराजला जमलं होतं, पण नागपूरच्या माणसाला पत्ता लपवणं जन्मात जमत नाही. दारासमोरची आटाचक्की, शेजारच्यांचा शिव्या देणारा पोपट, कोपऱ्यावरचा तर्री-पोहेवाला, सगळं त्यानं इतकं रंगवून लिहिलं होतं, की पाचव्या दिवशी तीन माणसं पोपट विचारत विचारत दारात येऊन उभी राहिली. कन्हानचे रुपराव, खाणीतून रिटायर झालेले. त्यांच्यामागे इंदुताई, आणि कॉलेजात जाणारी काजल. प्रत्येकाच्या हातात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. आजाऱ्याला पाहायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, मग आजाऱ्याचं नाव माहीत नसलं म्हणून काय झालं!

"कोण पाहिजे जी?" पुष्पलतानं विचारलं.

तिघंही एकमेकांकडे पाहू लागले. घरी आपण पित्त सांगितलंय, हे हेमराजनं ग्रुपवर लिहिलेलं होतं. रुपरावांनी तेवढाच धागा पकडला. "ज्याईले पित्त हाये, ते."

"अन् तुमी?"

"आमी बी पित्तवालेच. ग्रुप हाये आमचा."

पुष्पलता हरखली. एवढे जाणकार घरी चालून आलेले! तिनं त्यांना बसवलं आणि लगेच विचारलं, "मंग तुमाले कशानं आराम पडला जी?"

"बोलल्यानं," रुपराव बोलून गेले.

"बोलल्यानं पित्त जाते?"

"जात नाही वं बाई," इंदुताईंनी सांभाळून घेतलं, "पण जळजळ कमी होते."

आवाज ऐकून हेमराज आतल्या खोलीतून बाहेर आला. रुपराव उभेच राहिले. "तुटका धागा? उठले जी तुमी?"

"उठलो," हेमराज म्हणाला. "फोन पाण्यात पडला जी."

हे ऐकलं आणि काजल ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडू लागली. पुष्पलता एकदा तिच्याकडे पाहे, एकदा नवऱ्याकडे. "पित्तासाठी एवढं कोणी रडते का जी?"

अजून एक थाप मारता आली असती. पण ती पोरगी आपल्यासाठी रडते आहे, आणि तिच्यासमोर खोटं बोलणं हेमराजच्या जिवावर आलं. "मले पित्त नाही वं," तो म्हणाला. "मनाचा आजार हाये. गोळ्या चालू हायेत. हे लोक बी त्याच आजाराचे."

पुष्पलता दिवाणावर येऊन बसली. "किती लोकांले माहीत हाये?"

"ग्रुपमंधी? दोनशे चाळीस."

"म्हंजे मी दोनशे एकेचाळीसावी!" ती कडाडली. "सात महिने बिनतिखटाची वांगी खाल्ली मी तुमच्यापायी! कोष्ट्याच्या घरात!" आणि मग तिचा आवाज एकदम उतरला. "मले काहून नाही सांगितलं जी?"

रुपराव बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचू लागले. हेमराज म्हणाला, "याईले सांगितलं तं हे आयकतात, अन् आपापल्या कामाले लागतात. तुले सांगितलं असतं तं तू रडली असती. मंग मले तुले सांभाळा लागलं असतं. माह्यानं मीच सांभाळल्या जात नव्हतो वं."

पुष्पलताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं. तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमाले सांभाळा म्हून कोणं म्हटलं? मी रडीन, मंग माह्यी मीच चूप बी होईन. तुमी निस्ते बाजूले बसा."

हेमराज तिच्या बाजूला बसला. ती बराच वेळ रडत राहिली, आणि त्याला काहीसुद्धा करावं लागलं नाही.